घरच्या गाडीचे पुढचे ब्रेक पॅड

हंगाम संपला, गव्हाण थांबली. आता अंगणातल्या जुन्या गाडीकडे बघायला थोडी सवड आहे. हंगामभर रात्री-अपरात्री उसाच्या ट्रॉल्यांमागून याच गाडीने आपण कारखान्यावर आलो-गेलो. पुढच्या ट्रॉलीचा मागचा दिवा लागत नसेल तर आपला जीव आपल्याच ब्रेकवर असतो, हे सभासदांना वेगळे सांगायला नको.

मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी खेड्यापाड्यांत ही गाडी अजून चालते. म्हणून तीच नजरेपुढे ठेवून लिहीत आहोत. तिला सहसा पुढे डिस्क ब्रेक व मागे ड्रम असतात. ब्रेक दाबताना गाडीचे वजन पुढे येते, त्यामुळे पुढचेच पॅड लवकर झिजतात. पॅडचा घासणारा थर दोन-तीन मिलिमीटर उरला की पॅड बदलावेत. किर्र आवाज येतोय पण ब्रेक लागतोय ना, म्हणून चालवत राहिले की लोखंडावर लोखंड घासते आणि डिस्कचा खर्च अंगावर येतो.

गाडी सपाट, कठीण जागी लावावी. शेणाने सारवलेल्या अंगणात जॅक रुतून कलतो, तेव्हा खाली जाड फळी घालावी. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगड लावावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. गाडी उचलल्यावर खाली मजबूत स्टँड द्यावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नये. विटांची चळतही नको, वीट केव्हा फुटेल याचा नेम नसतो.

एका वेळी एकच बाजू खोलावी, म्हणजे अडल्यास दुसरी बाजू नमुन्याला राहते. कॅलिपरचे मागचे बोल्ट काढून तो तारेने वर बांधावा, रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नये, जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी. दोन्ही पॅड शेजारी ठेवून पाहावेत. एक फार आणि दुसरा कमी झिजला असेल तर कॅलिपरच्या सरकत्या पिना जाम झाल्या असण्याचा संभव असतो. त्या साफ करून ब्रेकचेच खास ग्रीस लावावे. घरात ट्रॅक्टरच्या ग्रीसचा डबा असतोच, पण साध्या ग्रीसने आतले रबर फुगते. तेच ब्रेक ऑईलचे. डब्याच्या झाकणावर सांगितलेलेच घालावे, ट्रॅक्टरचे तेल इथे मुळीच चालत नाही.

नवा पॅड जाड, म्हणून पिस्टन मागे सारावा लागतो. जुना पॅड मध्ये धरून सी क्लॅम्पने तो सावकाश दाबावा. तेवढ्यात बॉनेटखालच्या डबीतले ब्रेक ऑईल वर चढते. डबी भरली असेल तर थोडे काढून घ्यावे, कारण सांडले की रंग खाते. कॅलिपर उघडा असताना पोरांनी पेडल दाबू नये, नाहीतर पिस्टन बाहेर येईल. नवे पॅड तेलकट हाताने धरू नयेत आणि दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत. एकीकडचे नवे नि दुसरीकडचे जुने असले तर ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते.

बोल्ट, चाक, नट सारे आवळून झाले की एक काम उरते आणि नेमके तेच विसरले जाते. पिस्टन मागे सारल्यामुळे पहिल्या दाबाला पेडल तळाला जाते. तेव्हा इंजिन सुरू करण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दहा-वीस वेळा दाबावे. मगच गाडी जागची हलवावी. अंगणातून उताराने रस्त्यावर उतरायचे असेल तर अधिकच जपून. डबीतले ऑईल पुन्हा पाहावे. पहिले दोन-तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक मारणे टाळावे, पॅड नीट बसतात.

पेडल मऊ लागले, दाबून धरल्यावर हळूहळू खाली गेले किंवा चाकाच्या आतून ओल दिसली, तर गाडी रस्त्यावर न नेता फिटरलाच घरी बोलवावे.