मत नसलेला सभासद

उमरखेड तालुक्यात ‘सभासद’ हा शब्द उच्चारला की आधी आठवतो तो पोफाळीचा वसंत सहकारी साखर कारखाना. ऊस लावणाऱ्या घरांत शेअरचा दाखला जमिनीच्या कागदांबरोबर एकाच पिशवीत ठेवलेला असतो. सभासद म्हणजे ज्याने भाग घेतला, ज्याचे नाव यादीत आहे, ज्याला वार्षिक सभेची नोटीस येते आणि संचालक मंडळाच्या निवडणुकीत मत असते. शेअर एक असो वा पन्नास, मत एकच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ ने ते बांधून दिले आहे. हाच शब्द गेल्या चाळीस वर्षांत आणखी एका व्यवसायाने उचलला. हिल स्टेशनवरच्या किंवा समुद्रकाठच्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी आठवडाभर राहण्याचा हक्क पंचवीस-पंचवीस वर्षांसाठी विकणाऱ्या टाइमशेअर कंपन्याही आपल्या ग्राहकांना सभासदच म्हणतात. तिथे दाखला मिळतो, क्रमांक मिळतो, दरवर्षी वर्गणीही मागितली जाते. मिळत नाही ते मत. माझे म्हणणे असे, की या व्यवसायातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच आहे. जो माणूस दोन-तीन दशकांचे पैसे आगाऊ देतो आणि वर देखभालीचा खर्चही सोसतो, त्याला कारभारात आवाज मिळाला पाहिजे आणि तो कायद्याने मिळाला पाहिजे.

टाइमशेअरची मूळ कल्पना सहकाराच्या फार जवळची आहे. डोंगरातले घर एका कुटुंबाला परवडत नाही आणि वर्षातले अकरा महिने ते रिकामेच राहते. मग पन्नास कुटुंबांनी मिळून ते घ्यावे आणि आठवडे वाटून वापरावे. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली स्थापन झालेली हापीमाग ही या वाटेवरची पहिली मोठी संस्था, आणि तिथे घेणारे भागधारकच होते. सत्तरच्या दशकात कल्पना अमेरिकेत रुजली. १९७४ मध्ये इंडियानापोलिसला आरसीआय ही आठवड्यांची अदलाबदल करून देणारी संस्था निघाली आणि आपला आठवडा देऊन दुसऱ्या गावचा आठवडा घेणे शक्य झाले. भारतात ऐंशीच्या दशकाच्या मध्यात स्टर्लिंगने हा व्यवसाय सुरू केला आणि १९९६ मध्ये महिंद्रा समूह त्यात उतरला. मात्र इथे येईपर्यंत कल्पनेतला एक भाग गळून पडला होता. भारतात प्रामुख्याने विकला जातो तो वापराचा हक्क. जमीन कंपनीची, इमारत कंपनीची, संचालक मंडळ कंपनीच्या भागधारकांनी निवडलेले. सभासदाच्या हातात उरतो तो एक करार.

त्या कराराचा हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे. एका खोलीचे वर्षाला ५२ आठवडे होतात. पण शाळेत जाणारी मुले असलेल्या कुटुंबाला हवे असतात ते दिवाळीचे, नाताळचे आणि एप्रिल-मेचे, म्हणजे फार तर दहा-बारा. कंपन्यांनी यावर वर्षाचे रंगवार हंगाम पाडले आणि महाग हंगामाला जास्त किंमत लावली, ते समजण्यासारखे आहे. प्रश्न पुढचा आहे. एका खोलीमागे किती सभासद करायचे, हे कोण ठरवते? कंपनी. मे महिन्यातल्या किती खोल्या सभासदांसाठी राखायच्या आणि किती बाहेरच्या पाहुण्यांना रोख दराने द्यायच्या? तेही कंपनीच ठरवते. वार्षिक वर्गणी किती वाढवायची, त्यातून छपराची डागडुजी किती आणि कार्यालयाचा खर्च किती, यावरही सभासदाचा शब्द चालत नाही. खोली मिळत नाही, वर्गणी मात्र दरवर्षी वाढते, ही तक्रार देशभरातल्या ग्राहक आयोगांसमोर पुन्हा पुन्हा येते. आयोग एकेका कुटुंबाला परतावा देऊ शकतो. खोल्या आणि सभासद यांचे प्रमाण तो ठरवून देऊ शकत नाही. हे प्रमाण धोरणाचा भाग आहे, आणि धोरण ठरते त्या खोलीत सभासदाला खुर्चीच नाही.

मत नसण्याची किंमत किती मोठी असू शकते, हे महाराष्ट्राने पॅनकार्ड क्लब्जच्या प्रकरणात पाहिले. मुंबईच्या या कंपनीने हॉटेलमधल्या मुक्कामाच्या रात्री विकल्या. पैसे भरायचे, मुदतीत रात्री वापरायच्या, आणि वापरल्या नाहीत तर मुदतीअखेर वाढीव रक्कम परत घ्यायची, अशी ती योजना होती. बहुतेकांचे लक्ष मुक्कामावर नव्हतेच, परताव्यावर होते. २०१४ मध्ये सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने या योजनांना बंदी घातली, २०१६ मध्ये पैसे परत करण्याचा आदेश दिला आणि २०१७ मध्ये रोखे अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. रक्कम होती सुमारे ७,०३५ कोटी रुपये आणि पैसे भरणारे होते ५१ लाखांहून अधिक. भागाकार केला तर माणशी साडेतेरा हजारांच्या आसपास येतात. हा आकडा श्रीमंतांच्या सहलींचा नाही. महिन्याकाठी काही रुपये बाजूला काढणाऱ्या घरांचा आहे. पुढे मालमत्तांचे लिलाव आले, २०२२ मध्ये दिवाळखोरीची कारवाई आली. इतक्या वर्षांत या ५१ लाखांना एकदाही कंपनीचा ताळेबंद समोर ठेवून सवाल करण्याची हक्काची जागा नव्हती. पैसे कुठे गुंतवले आणि जुन्यांचा परतावा कशातून दिला जातो, हे विचारायला सभाच नव्हती. योजना बेकायदा होती हे त्यांना कळले ते नियामकाच्या आदेशातून.

सेबी कायद्याच्या कलम ११अअ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजना कशी ओळखावी याच्या चार खुणा दिल्या आहेत. पैसे एकत्र करून योजनेसाठी वापरले जातात. पैसे देणारा उत्पन्नाच्या वा मालमत्तेच्या आशेने देतो. मालमत्तेचा कारभार त्याच्या वतीने दुसरा कोणी पाहतो. आणि दैनंदिन कारभारावर त्याचे नियंत्रण नसते. चौथी खूण महत्त्वाची आहे. देणाऱ्याच्या हाती नियंत्रण नसणे हेच धोक्याचे लक्षण, असे संसदेने मानले आहे. त्याच कलमात सहकारी संस्थांच्या योजना वगळल्या आहेत. त्यामागचे तर्कशास्त्र मला असे दिसते, की तिथे देखरेखीचा वेगळा बंदोबस्त आहे: निबंधक आहे, लेखापरीक्षण आहे आणि सभासदाचे मत आहे. सचोटीने चालणारा टाइमशेअर, ज्यात परताव्याचे आमिष नाही आणि केवळ मुक्काम आहे, तो या कलमाच्या बाहेर राहतो, आणि ते योग्यच. पण मग तो सेबीच्या नजरेखाली नाही आणि सहकाराच्या चौकटीतही नाही. भारतात टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदाच नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की टाइमशेअरचा सभासद हा शेवटी ग्राहक आहे, आणि लॉजवर उतरणारा माणूस लॉजच्या मालकाची निवडणूक मागत नाही. आक्षेप वरवर पटतो. पण लॉजवरचा पाहुणा एका रात्रीचे पैसे देतो, गादी खराब असली तर दुसऱ्या दिवशी समोरच्या लॉजवर जातो. बाजार त्याचे रक्षण करतो, कारण तो मोकळा आहे. टाइमशेअरवाल्याने पाव शतकाचे पैसे आधीच मोजलेले असतात. त्याच्या पैशांतून कंपनी इमारती बांधते, म्हणजे तो भांडवल पुरवतो. शिवाय वर्गणी थकली की हक्क गोठतो, म्हणून निघून जाण्याची वाटही अवघड. अशा माणसाची स्थिती लॉजच्या पाहुण्यापेक्षा फ्लॅट घेणाऱ्याशी जास्त जुळते. आणि फ्लॅटच्या बाबतीत महाराष्ट्राने हा प्रश्न साठ वर्षांपूर्वी सोडवला आहे. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिका कायद्याने बिल्डरवर बंधन घातले, की ठरावीक संख्येने सदनिका विकल्या गेल्या की घेणाऱ्यांची सहकारी संस्था वा कंपनी स्थापन करून द्यायची. २०१६ च्या रेरा कायद्याने हेच देशभर नेले. तिथेही बिल्डर म्हणू शकला असता, की हे माझे ग्राहक आहेत. विधिमंडळाने ते ऐकले नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि उमरखेडच्या वाचकाला तो वेगळा सांगावा लागत नाही. मतदान असून सहकाराचे काय झाले? पोफाळीच्या कारखान्यात सभासद होते, पॅनेल होती, निवडणुका होत्या. तरीही धुराडे अनेक हंगाम थंड राहिले आणि शेवटी कारखाना भाडेतत्त्वावर चालवायला द्यावा लागला. राज्यातल्या कितीतरी कारखान्यांची हीच गत झाली. वार्षिक सभेत ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात विषय कसे उरकले जातात, थकबाकीदार किंवा अक्रियाशील ठरवून विरोधकांची नावे कशी गळतात, हे गावोगाव माहीत आहे. हा दोष झाकण्यात अर्थ नाही. मत ही पुरेशी गोष्ट नव्हे, हे मी पूर्ण मान्य करतो. पण दोन पडझडींमधला फरक पाहा. सहकारी कारखाना डबघाईला येतो तेव्हा ते तालुक्याला कळत असते. वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत सभा घ्यावीच लागते, अहवालात तोटा छापावाच लागतो. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ खाली सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद, सभांची इतिवृत्ते आणि सभासद नोंदवही पाहता येते. कलम ८३ खाली चौकशी आणि कलम ८८ खाली दोषी संचालकांवर नुकसानीची जबाबदारी निश्चित करता येते. ही हत्यारे बोथट झाली, वेळेवर उचलली गेली नाहीत, हे खरे. टाइमशेअरच्या सभासदाकडे ती मुळातच नाहीत. विळ्याला धार लावता येते, पण त्यासाठी विळा हाती असावा लागतो.

नुसते मत पुरत नाही, याचा अनुभव परदेशातही आहे. अमेरिकेत अनेक रिसॉर्टमध्ये आठवडा घेणारा नोंदणीकृत मालक असतो, मालकांची संघटना असते, तिचे संचालक मंडळ निवडून येते. तरीही भांडणे आहेत, आणि ती ओळखीची वाटतात. न विकल्या गेलेल्या आठवड्यांची मते विकासकाकडे राहतात. वर्गणी थकल्यामुळे परत आलेले आठवडेही त्याच्याकडे साचतात. दूर राहणारे मालक मतदानाला येत नाहीत, कोऱ्या मुखत्यारपत्रावर सही करून देतात. मंडळ विकासकाचेच राहते आणि कारभाराचा ठेका त्याच्याच दुसऱ्या कंपनीला मिळतो. या भांडणांत सर्वांत मोलाचा कागद असतो तो मालकांच्या नावपत्त्यांचा. ती यादी नसेल तर मंडळाविरुद्ध उभे राहणारा प्रचार करणार तरी कोणाकडे? फ्लोरिडाच्या कायद्याने यावर मधला मार्ग काढला आहे: व्यवस्थापकाने यादी कोणाला द्यायची नाही, पण निवडणुकीसाठी किंवा मंडळ परत बोलावण्यासाठी एखाद्या मालकाने पत्रक दिले, तर ते सर्वांना टपालाने पाठवायचे. खाजगीपण राखले जाते आणि विरोधाची वाटही उघडी राहते. आपल्याकडे सहकारी निवडणुकीआधी प्रारूप मतदार यादी फलकावर लागते, हरकती घेतल्या जातात. त्या यादीवर बोट फिरवत आपले नाव शोधणारा शेतकरी किती मोठा हक्क बजावत असतो, हे अशा तुलनेतून उमजते.

तिसरा आक्षेप सोयीचा आहे: देशभर विखुरलेले लाखो सभासद मतदान करणार कसे? पण शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांचे भागधारक आज घरबसल्या ई-मतदान करतात. दिवाळखोरी कायद्यात तर घर घेणाऱ्यांसारखे एकाच वर्गातले असंख्य घेणेकरी असले, की त्यांना अधिकृत प्रतिनिधी निवडून त्याच्यामार्फत मत देता येते. म्हणजे कंपनी बुडाल्यावर मत देण्याची सोय कायद्याने केली आहे. ती चालू असताना करायला तंत्राची अडचण नाही, इच्छेची आहे.

म्हणून मागणी नेमकी असावी. देखभालीच्या वर्गणीचे खाते वेगळे ठेवावे आणि त्याचा लेखापरीक्षित हिशेब दरवर्षी प्रत्येक सभासदाला मिळावा. एका खोलीमागे किती सभासद केले, हे जाहीर करणे सक्तीचे असावे. सभासदांची निवडून आलेली समिती असावी, आणि ठरावीक मर्यादेपलीकडची वर्गणीवाढ किंवा एखादे रिसॉर्ट यादीतून काढणे तिच्या संमतीशिवाय होऊ नये. न विकलेल्या आठवड्यांच्या मतांवर मर्यादा असावी, व्यवस्थापनाचा ठेका मुदतीचा असावा. आणि युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशाप्रमाणे सही केल्यानंतर विनाकारण माघार घेण्यासाठी चौदा दिवस मिळावेत, त्या काळात पैसे घेण्यास बंदी असावी. जेवणाचे आमंत्रण देऊन, नवरा-बायकोला एकत्र बसवून, त्याच संध्याकाळी सही घेण्याची जी पद्धत या धंद्यात रुळली आहे, तिला हा एकच नियम पुष्कळ आवर घालील.

कायदा येईपर्यंत आहे ते हत्यार वापरावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार जिथे आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. म्हणजे उमरखेडच्या सभासदाला रिसॉर्ट केरळात असले तरी यवतमाळला दाद मागता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्याहून महत्त्वाचे, एकसारखी तक्रार असलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकच तक्रार दाखल करता येते. पण त्यासाठी हे अनेकजण एकमेकांना सापडले पाहिजेत. पोफाळीच्या सभासदाला गावातला दुसरा सभासद ठाऊक असतो; दोघे मिळून सभेत उठून उभे राहू शकतात. टाइमशेअरच्या सभासदाला त्याच खोलीत मागच्या आठवड्यात कोण राहून गेले, हेही माहीत नसते. त्याला आधी ती यादी मिळाली पाहिजे, आणि मग मत.