आपल्या गावाला रस्ता आणि एसटी कशावरून मिळते?

सेलू तालुक्यातल्या आडवाटेच्या गावांत गटाची बैठक घेतली की एक प्रश्न हमखास निघतो. शेजारच्या गावात डांबरी रस्ता अन् एसटी, मग आमच्याच नशिबी फाट्यापर्यंतची पायपीट का?

नकाशात आपला तालुका चांगलाच जोडलेला दिसतो. नागपूर-वर्धा रस्ता केळझर, सेलूवरून जातो. रेल्वेची सिंदी, तुळजापूर, सेलू रोड ही स्टेशनं आहेत. डिसेंबर 2022 पासून समृद्धी महामार्गही सुरू झाला. पण त्यावर दुचाकी, ऑटो, ट्रॅक्टर चालत नाही आणि चढता येतं ते ठरावीक ठिकाणीच. शेताला लागून गेला म्हणून तो आपला रस्ता होत नाही. आपल्या कामाचा रस्ता म्हणजे गाव ते फाटा, दोन-तीन किलोमीटरचा. बोर व्याघ्र प्रकल्पाकडच्या गावांत तोच तुकडा दिवस मावळल्यावर एकटीनं चालवत नाही. दहावीनंतर कित्येक पोरींचं शिक्षण त्या तुकड्यावरच थांबतं.

हा रस्ता मिळतो माणसं मोजून. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना 2000 साली आली, तेव्हापासून नियम असा की साध्या भागात वस्तीची लोकसंख्या 500 हवी. डोंगरी, आदिवासी अशा खास भागांत 250 चालते. 2024 मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यातही आकडा धरला तो 2011 च्या जनगणनेचा, कारण 2021 ची जनगणना झालीच नाही. समजा, एखाद्या वस्तीत 2011 ला 480 माणसं नोंदली गेली. आज तिथं साडेपाचशे असली तरी कागदावर ती 480 च. वीस नावं राहून गेली की रस्ता राहतो, तो असा.

जनगणनेत गावाच्या सोयीही लिहिल्या जातात. जिल्हा जनगणना पुस्तिकेत प्रत्येक गावापुढं बस आहे की नाही, नसेल तर ती पाच किलोमीटरच्या आत, पाच ते दहा, की दहाच्या पुढं मिळते, हे असतं. 2011 ची पुस्तिका मोबाइलवर पाहता येते. आपल्या गावापुढं काय लिहिलंय ते गटातल्या शिकलेल्या पोरीला काढायला सांगा. चुकीचं असेल तर आताच कळलेलं बरं.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. तेव्हा तान्ही बाळं आणि अंथरुणावरची म्हातारी माणसं सुटू देऊ नका. बारसं झालं नसलं तरी बाळ मोजलं जातं. चार दिवस पाहुणी म्हणून गेलेली सून आपल्याच घरी मोजायची. मात्र मोजणीचा पूर्ण काळ वीटभट्टीवर असलेलं कुटुंब तिथं मोजलं जाईल. गावाबाहेरचा बेडा, शेतातली घरं प्रगणकाला दाखवणं हे काम गटानं अंगावर घ्यावं.

आता एसटी. रस्ता झाला म्हणजे बस येते असं नाही. ती टिकते भारमानावर, म्हणजे सीटांच्या मानानं किती प्रवासी तिकीट काढून बसले यावर. सकाळी आपण घाईघाईत काळीपिवळीत बसतो आणि मागून एसटी रिकामी जाते. मग फेरी बंद होते, अन् आपण ओरडतो. 17 मार्च 2023 पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट आहे, 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत. सवलतीची रक्कम सरकार महामंडळाला देतं, म्हणून अर्ध्या तिकिटाची बाई म्हणजे एसटीला तोटा, असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

फेरी हवी असेल तर तोंडी सांगून भागत नाही. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावीच लागते. तिथं ठराव मांडा, ग्रामसभेत मंजूर करून घ्या आणि आगार व्यवस्थापकांच्या नावे अर्ज द्या. अर्जात शाळा-कॉलेजला जाणाऱ्या पोरींची संख्या, बाजाराचा वार, दवाखान्याची वेळ लिहा. नुसतं 'बस सुरू करावी' नको. कोणत्या वेळेला किती जणी बसणार ते लिहा. पोहोच घ्यायला विसरू नका, अन् तिची एक झेरॉक्स गटाच्या फायलीत लावा.