नाय काढत

सकाळी 7. चहा होईपर्यंत आजचं पाठटाचण पूर्ण केलं. डी.एल.एड.चं दुसरं वर्ष, आंतरवासितेसाठी मिळालेली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, आष्टी तालुक्यात. टाचणात दोन रकाने समोरासमोर असतात: शिक्षककृती आणि विद्यार्थीकृती. डावीकडे आपण ‘प्रश्न विचारतील’ लिहायचं, उजवीकडे ‘विद्यार्थी उत्तरे देतील’. विद्यार्थी उत्तर देणार नाही, वही काढणार नाही, वर तोंड करून बोलेल, हे लिहायला उजवीकडे जागा नाही. तिसरीच्या वर्गात तो मात्र आहे. नाव कशाला सांगू. आपण त्याला पठ्ठ्या म्हणू.

9.30. काळीपिवळी. दाटीवाटीने उभी.

10.30. परिपाठ. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, सुविचार. पठ्ठ्या प्रतिज्ञेला हात पुढे करत नाही, खिशातच ठेवतो. बघतोय मात्र माझ्याकडे. मी दुसऱ्या रांगेकडे वळते. जे फक्त मला दाखवण्यासाठी चाललंय, ते न पाहणं हेही एक काम आहे. मूल स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तेव्हा मात्र हे चालत नाही. तिथे लगेच मधे पडावं लागतं.

11.15. गणित, हातच्याची वजाबाकी. गुरुजी मागे चौथीला घेऊन बसलेत, अर्धा डोळा माझ्यावर. फळ्यावर 52 वजा 27. सगळ्यांच्या वह्या उघडल्या, एक सोडून.

“वही काढ बाळा.”

“नाय काढत.”

वर्ग असल्या वेळी कान टवकारतो. चौथीचीसुद्धा लिहायची थांबली. अशा क्षणी आवाज चढवला की प्रकरण वहीचं राहत नाही, कोण हरतं याचं होतं. आणि एवढ्या लोकांसमोर आठ वर्षांच्या पोराला हरता येत नाही. मी जवळ गेले, खाली वाकून त्याच्यापुरतंच बोलले: “वहीत कर नाहीतर पाटीवर कर, तुझं तू ठरव. दुसऱ्यांना त्रास नको.” आणि पाठ फिरवून फळ्याकडे आले. पाठ फिरवणं महत्त्वाचं. डोक्यावर उभं राहिलं तर त्याला ऐकायचं असलं तरी ऐकता येत नाही.

तेवढ्यात मागून आलं, “तुम्ही काय खऱ्या मॅडम नाय. परीक्षा झाली की जाणार तुम्ही.”

हशा. बरोबरच होतं त्याचं.

“हो, जाणार आहे. तोवर रोज येणार,” म्हटलं आणि विचारलं, “दोनातून सात जातात का?” वर्ग ओरडला, “नाही!” गाडी पुढे सरकली. पठ्ठ्याने पाटी घेतली, तिच्यावर ट्रॅक्टर काढला. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या.

1.30. मधली सुट्टी, खिचडी. शासनाच्या हिशेबाने पहिली ते पाचवीच्या मुलामागे 100 ग्रॅम तांदूळ. पठ्ठ्या ताटं वाटायला सगळ्यांच्या आधी हजर. मग पहिलीतल्या बहिणीला शेजारी बसवून तिच्या खिचडीतल्या मिरच्या एकेक वेचून स्वतःच्या ताटात घेतो, न सांगता, बोटं चाटत.

गुरुजींनी डबा उघडता उघडता सांगितलं ते असं. आईबाप दोघं मिळून एक कोयता, दिवाळीनंतर कारखान्यावर. पोरं गावात राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे, यंदा हा आजीपाशी राहिला. गेल्या वर्षी मात्र टोळीबरोबर गेला होता, चैत्रात परतला. दुसरीतलं दशक-एकक त्या उसाच्या फडात राहिलं. “येत नाही म्हणण्यापेक्षा करत नाही म्हणणं मानाचं,” गुरुजी म्हणाले.

पटलं, पण पूर्ण नाही. त्याच टोळीतली एक मुलगी याच वर्गात खाली मान घालून लिहीत असते, आणि तिलाही हातचा येत नाही. तिच्याबद्दल मात्र कुणी डबा खाताना बोलत नाही.

2.20. गुरुजींच्या सल्ल्याने दोघांनाही काड्यांची पेटी देऊन व्हरांड्यात बसवलं. काम: पहिलीच्या पोरांसाठी दहा-दहाच्या जुड्या बांधायच्या. खरंच बांधून हव्या होत्या. बघायला कुणी नाही म्हटल्यावर पठ्ठ्याचे हात भराभर चालले. थोड्या वेळाने म्हटलं, “पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या घे. त्यातल्या सत्तावीस मला दे.” त्याने दोन जुड्या दिल्या. सुट्या दोन दिल्या. मग थांबला. मीही गप्प. मुलगी हळूच म्हणाली, “एक सोड की.” त्याने तिसऱ्या जुडीचा रबर दाताने ओढून काढला, पाच काड्या मोजून माझ्या हातावर ठेवल्या.

“राहिल्या किती?”

“दोन जुड्या न् पाच.”

“आता हेच पाटीवर मांड.”

“नाय.”

बरं. मुलीने मांडलं, अचूक.

3.40. खो-खो. बाद दिलं म्हणून पठ्ठ्याने एकाला ढकललं, गुडघा फुटला. शिवीही दिली. जखम धुतली, मग त्याला सांगितलं, “हा डाव तू बाहेर.” एकच डाव, पण पूर्ण. मोठी शिक्षा जाहीर करून मग अर्ध्यात सोडण्यापेक्षा हे परवडतं. मुख्याध्यापकांकडे पाठवणं मी टाळते. दर वेळी वरच्याकडे नेलं की माझ्याच्याने होत नाही, असं मीच वर्गाला सांगितल्यासारखं होतं. डाव संपला, आत बोलावलं. आला, पाय आपटत, पण आला.

4.30. गुरुजींनी निरीक्षण वहीत शेरा लिहिला: फळ्याचा वापर चांगला, साहित्य समर्पक, वर्गनियंत्रण साधारण. वर्गनियंत्रण म्हणजे टाचणी पडली तरी ऐकू येईल असा वर्ग, हे गृहीत आहे. व्हरांड्यातल्या पाऊण तासाला त्या वहीत रकाना नाही. गुण गुरुजींच्या हातात आहेत म्हणून मी एवढंच म्हटलं, “ठीक आहे, सर.”

5.00. आजी फाटकापाशी. “आज काय केलं का त्यानं? मारा की बाई, आमचं काय म्हणणं न्हाई.” शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी घालतं, तो कायदा 2010 पासून लागू आहे. हे आजींना कसं सांगावं? त्यांच्या लेखी मार म्हणजे बाईंनी पोराकडे लक्ष दिल्याची खूण. म्हटलं, “मारत नाही आजी. खेळताना एकाला ढकललं, त्याची शिक्षा झाली, ते संपलं. बहिणीला मात्र नीट जेवू घालतो हं.” पठ्ठ्या चपलेने माती उकरत होता.

“उद्या शनिवार,” तो एकदम म्हणाला, “सकाळची शाळा. तुम्हाला गाडी मिळंल का?”

“मिळेल की.”

“नाय मिळत. सहाचा ड्रायवर उशिरा उठतो.”