सीमाभागातील संमिश्र कुटुंब : निर्मिती, नाते आणि मुलांचे हक्क

प्रास्ताविक

पती किंवा पत्नी आधीच्या विवाहातील अपत्यांसह नवा संसार मांडतात, तेव्हा जे कुटुंब तयार होते त्यास समाजशास्त्रात संमिश्र कुटुंब म्हणतात. बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात ही गोष्ट नवी नाही. मराठी भाषक समाजात 'पाट' आणि कन्नड भाषकांत 'उडकी' या नावांनी पुनर्विवाहाची रीत अनेक जातींत चालत आली आहे. मुस्लिम समाजात तर विधवेचा निकाह हा धर्मसंमतच आहे. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईच्या काळात या भागात मोठी प्राणहानी झाली. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेडबरोबर गुलबर्गा व बीदर यांचाही समावेश केला. त्या पिढीत विधवा आणि पोरक्या मुलांचा सांभाळ हा घरोघरचा प्रश्न होता.

कुटुंब कसे बनते?

याचे साधारण तीन प्रकार दिसून येतात. पहिला, पत्नीच्या निधनानंतर तिच्याच बहिणीशी निकाह. दोन बहिणी एकाच वेळी विवाहात असणे निषिद्ध आहे, पण एकीच्या मृत्यूनंतर दुसरीशी विवाह चालतो. मुलांची खालाच आई होऊन येते. दुसरा, इद्दत संपल्यावर विधवेचा दिराशी निकाह. मुले नव्या वडिलांना पुढेही 'चचा' म्हणत राहतात आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. तिसरा, तलाक किंवा मृत्यूनंतर परक्या घरात झालेला निकाह.

पहिल्या दोन प्रकारांना पसंती का, याचे एक कारण हनफी फिकहमध्ये आहे. आईने मुलाच्या गैर-महरम पुरुषाशी विवाह केला तर तिचा हिजानतीचा, म्हणजे लहान मुलाच्या संगोपनाचा, हक्क संपतो. दीर हा मुलाचा सख्खा चुलता, म्हणजे मुलीच्या बाबतीतही महरम, म्हणून तेथे ही अडचण येत नाही. मूल हातचे जाईल या भीतीने कित्येक तरुण विधवा दुसऱ्या निकाहास नकार देतात. त्यांना हे सांगणे आवश्यक आहे की, पालक व पाल्य अधिनियम, १८९० नुसार न्यायालय मुलाचे हित पाहते. केवळ पुनर्विवाह केला एवढ्यावरून आईला सामान्यतः अपात्र ठरवले जात नाही.

शब्दांतून दिसणारी दृष्टी

मराठीतील 'सावत्र' आणि उर्दूतील 'सौतेला' हे दोन्ही शब्द सवतीच्या नात्याशी जोडलेले आहेत. म्हणजे आपल्या बोलीने हे नाते स्पर्धेच्या बाजूने पाहिले. पवित्र कुरआनात सावत्र मुलींसाठी 'रबाइब' (एकवचनी रबीबा) हा शब्द येतो. त्याच्या मुळाशी वाढविणे, जोपासणे हा अर्थ आहे. रबीबा म्हणजे जिला वाढवले ती. तिच्या आईशी वैवाहिक संबंध आल्यावर ती सावत्र पित्यास कायमची महरम होते. हजरत उम्मे सलमा (रजि.) विधवा होत्या व मुलांसह प्रेषितांच्या (स.) घरी आल्या. त्यांचे पुत्र उमर यांना प्रेषितांनी जेवताना बिस्मिल्लाह म्हणण्याची, उजव्या हाताने व आपल्या पुढचेच खाण्याची शिकवण दिली. ही हदीस त्या पुत्रानेच सांगितली आहे.

नाव व वारसा

परंतु जोपासणे म्हणजे वंश बदलणे नव्हे. कुरआनाच्या ३३ व्या सूरेत मानलेल्या पुत्रांना त्यांच्या जन्मदात्याच्या नावाने संबोधण्याचा आदेश आहे. आपल्याकडे मात्र मायेपोटी शाळेत सावत्र वडिलांचेच नाव नोंदवले जाते. मूल हे आपल्या जन्मदात्याचे वारस आहे. कागदोपत्री नाव बदलले की, पुढे त्याच्याच मालमत्तेतील हिस्सा सिद्ध करणे कठीण होते.

दुसरीकडे, सावत्र पित्याच्या मालमत्तेत त्यास वारसाहक्क नाही. समजा, एका गृहस्थाच्या पश्चात पत्नी, पहिल्या पत्नीपासूनचा मुलगा व मुलगी, या पत्नीपासूनचा मुलगा आणि पत्नीने सोबत आणलेली मुलगी आहे. कर्ज व अंत्यविधीचा खर्च वजा जाता ८ लाख रुपये उरले. पत्नीस १ लाख, दोन्ही मुलांस प्रत्येकी २ लाख ८० हजार, मुलीस १ लाख ४० हजार मिळतील. सोबत आलेल्या मुलीस काहीच नाही. तिला पुढे मिळेल ते आईकडून.

दिराशी निकाह झालेल्या घरातही असाच पेच आहे. आजोबा हयात असताना वडील वारले असतील, तर चुलता असल्यामुळे नातवास आजोबांच्या मालमत्तेत हिस्सा मिळत नाही. पाकिस्तानने १९६१ च्या अध्यादेशाने यात बदल केला. भारतात तसा बदल झालेला नाही.

शरीअतने यावर मार्ग ठेवलेला आहे. वारस नसलेल्या व्यक्तीसाठी एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते आणि हयातीत हिबा करून ताबा देता येतो. वरील गृहस्थाने वसीयत केली असती, तर त्या मुलीस सुमारे २ लाख ६६ हजारांपर्यंत देता आले असते आणि उरलेल्या रकमेचे वाटप ठरलेल्या प्रमाणात झाले असते.

समारोप

ज्या घराने पोरके मूल प्रेमाने वाढवले, त्या घरातून कर्त्या पुरुषाच्या दफनानंतर ते रिकाम्या हाताने बाहेर पडावे, हे कोणालाच नको असते. ते घडते ते कागद न केल्यामुळे. म्हणून निकाहाची बोलणी होतात त्याच बैठकीत तीन गोष्टी ठरवाव्यात : मूल कोठे राहील, दाखल्यावर कोणाचे नाव राहील आणि वसीयत किंवा हिबा केव्हा होईल. जमातीतील बुजुर्ग, काझी व शिक्षक यांनी मेहेरची रक्कम विचारताना हेही विचारावे.