समजून घ्या : सूर्यमाळच्या चढणीवर गाडी का तापते?

मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळला निघालात? गाडी भरलेली, एसी सुरू, समोर चढण. इंजिनावर ताण वाढतो, पण वेग कमी असल्याने रेडिएटरला वारा कमी मिळतो. सगळी मदार फॅनवर येते.

धोका काय?
जास्त तापलं की ऑइल पातळ होतं. धातूच्या भागांमधला त्याचा थर तुटला, की इंजिन जाम होऊ शकतं.

रेसिंग कार काय करतात?
वेगळा ऑइल कूलर लावतात. पण हवा सोपी वाट शोधते आणि कूलरच्या बाजूने निसटते. म्हणून समोरून कूलरपर्यंत बंदिस्त डक्ट देतात, फटी बुजवतात आणि गरम हवेला बाहेर पडायला वाट ठेवतात.

तुम्ही काय कराल?
• निघण्यापूर्वी ऑइल, कूलंट तपासा.
• रेडिएटरच्या जाळीतला चिखल, पाला काढा. समोर जादा दिवे नकोत.
• रेडिएटरभोवतीचं तुटलेलं प्लास्टिक बदला. तुमच्या गाडीचा डक्ट तोच.
• काटा लाल खुणेकडे सरकला, तर एसी बंद करा. सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा.
• गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. दाबाखालचं कूलंट १०० अंशांपेक्षाही गरम असू शकतं. झाकण फिरवताच ते उसळून चेहरा, हात भाजतात. पूर्ण थंड होऊ द्या.