एलडीएल रक्तशोधन : तीव्र कोलेस्टेरॉलविकारावरील उपचार व रोगप्रतिकार यंत्रणेवरील त्याचे परिणाम

प्रस्तावना :
रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल हा सर्वसाधारणपणे प्रौढ वयाचा व आहारविहाराचा प्रश्न मानला जातो. तथापि काही बालकांमध्ये हा विकार जन्मतःच असतो. कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएल कण रक्तातून काढून घेण्याचे कार्य मुख्यतः यकृतपेशींवरील ग्राही करतात. या ग्राहींचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राऊन व जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ साली नोबेल पारितोषिक प्राप्त झाले. माता व पिता या दोघांकडूनही सदोष जनुक मिळालेल्या बालकात एलडीएलची पातळी दर डेसिलिटरला ५०० मिलिग्रॅमहून अधिक असू शकते. कोपर, गुडघे व टाचा यांवर पिवळसर गाठी येतात आणि वयाच्या विशीपूर्वीच हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका असतो. स्टॅटिन औषधे प्रामुख्याने ग्राहींची संख्या वाढवून कार्य करतात. जेथे ग्राहीच निकामी, तेथे त्यांचा प्रभाव अल्प ठरतो. अशा रुग्णांसाठी रक्तशोधन उपचाराचा उगम झाला. प्रस्तुत लेखात या उपचाराचे स्वरूप व त्याचे रोगप्रतिकार यंत्रणेवरील परिणाम यांचा आढावा घेतला आहे.

उपचाराचे स्वरूप :
१९७५ मध्ये लंडन येथे गिल्बर्ट थॉम्पसन व सहकाऱ्यांनी अशा रुग्णांत रक्तद्रव बदलण्याची पद्धती वापरली. तिच्यात एलडीएलसोबत प्रतिपिंडे व उपयुक्त एचडीएलही वाया जात. म्हणून केवळ एलडीएल वेगळे करणाऱ्या निवडक पद्धती विकसित झाल्या. १९८१ मध्ये जर्मनीतील कोलोन येथे एलडीएलविरोधी प्रतिपिंडे बसविलेले स्तंभ वापरण्यात आले. पुढे आम्ल माध्यमात हेपारिनच्या साहाय्याने एलडीएलचा साका करणारी आणि डेक्स्ट्रान सल्फेटच्या स्तंभाची पद्धती आली. डेक्स्ट्रान सल्फेटवरील ऋण प्रभाराकडे एलडीएलमधील प्रथिनाचा धन प्रभारित भाग आकर्षिला जातो व कण स्तंभात अडकतो. काही तासांच्या एका सत्रात एलडीएल सुमारे ६० ते ७० टक्क्यांनी घटते. परंतु शरीर नवे कण तयार करीतच राहते. त्यामुळे दर एक-दोन आठवड्यांनी उपचार पुन्हा घ्यावा लागतो.

रोगप्रतिकार यंत्रणेवरील परिणाम :
धमनीकाठिण्य हा केवळ चरबी साचण्याचा नव्हे, तर दाहाचाही विकार आहे. धमनीच्या भित्तीत शिरलेले व ऑक्सिडीकरण झालेले एलडीएल भक्षक पेशी गिळतात व तेथेच दाह धुमसत राहतो. रक्तशोधनामुळे ऑक्सिडीकृत एलडीएल, सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रथिन व फायब्रिनोजेन यांचेही प्रमाण घटते. हा अनुकूल परिणाम होय.

तथापि स्तंभाचा पृष्ठभाग शरीराला परकाच असतो. त्याच्या संपर्काने पूरक प्रथिने उत्तेजित होऊ शकतात. काही पद्धतींत या प्रथिनांचा अंशही निघून जातो. ऋण प्रभारित पृष्ठभागावर ब्रॅडिकायनिन हे द्रव्य निर्माण होते. ते रक्तवाहिन्या प्रसरण पाववते. परंतु शरीरातील एक विकर त्याचे त्वरित विघटन करते. रक्तदाबावरील एसीई रोधक औषधे नेमके हेच विकर अडवितात. परिणामी रक्तदाब एकाएकी कोसळून प्राणावर बेतू शकते. म्हणून डेक्स्ट्रान सल्फेटसारख्या स्तंभांवर उपचार करण्यापूर्वी ही औषधे थांबविणे अनिवार्य असते.

दाह घटल्याचा लाभ एलडीएल घटल्याच्या लाभापासून वेगळा करणे कठीण आहे, कारण दोन्ही एकाच वेळी घडतात. २०१७ च्या कॅन्टॉस चाचणीत एलडीएल न बदलता केवळ दाह कमी केल्याने हृदयविकाराच्या घटना घटल्या. मात्र प्राणघातक संसर्ग वाढले. दाह शमविण्याचीही किंमत असते, हे त्यातून दिसते.

निष्कर्ष :
२०१५ पासून पीसीएसके९ रोधक औषधांमुळे अनेक रुग्णांची रक्तशोधनाची गरज कमी झाली. मात्र तीही ग्राहींवरच अवलंबून आहेत. इव्हिनाकुमॅब हे प्रतिपिंड ग्राहींशिवायही कार्य करते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ६५ रुग्णांच्या चाचणीत त्याने एलडीएल जवळपास निम्म्यावर आणले. तरीही ही औषधे ज्यांना पुरेशी पडत नाहीत वा उपलब्ध नाहीत, त्यांच्यासाठी रक्तशोधन आजही आधार आहे. त्याचे यश केवळ यंत्रावर अवलंबून नाही. बालकाच्या त्वचेवरील गाठ वेळीच ओळखून त्याच्या व कुटुंबीयांच्या रक्ताची तपासणी होणे, हीच या उपचाराची पहिली पायरी होय.