गडाचा खर्च, आरमाराचा तनखा

मुळशी तालुक्यातले कोरीगड आणि घनगड आपण तटबंदी पाहायला चढतो. पण शिवकाळात गड म्हणजे हिशेबाचे ठाणेही होते. हवालदाराकडे किल्ल्या आणि हुकूम, सरनोबताकडे पहारे, सबनिसाकडे हजेरी व जमाखर्च, कारखानिसाकडे धान्य आणि दारूगोळा. अधिकार असे वाटलेले, म्हणून एकट्याला परस्पर व्यवहार करणे अवघड. पगार रोख देण्यावर शिवाजी महाराजांचा भर होता. वतनावर पोसलेला सरदार डोईजड होतो, हे त्यांनी जवळून पाहिले होते.

आरमाराचे दुखणे वेगळे. 1675 मध्ये पद्मदुर्गाकडच्या आरमाराला पैसा व रसद वेळेवर पोहोचली नाही, तेव्हा प्रभावळीचे सुभेदार जिवाजी विनायक यांना महाराजांनी कडक पत्र लिहिले. ते मुळातून वाचावे. लढाई कारकुनाच्या दिरंगाईनेही हरते, याची जाण त्यात आहे. पुढे 'आज्ञापत्रा'त रामचंद्रपंत अमात्यांनी बजावले, की आरमाराचा तनखा मुलुखाच्या वसुलातून द्यावा, बंदरांच्या उत्पन्नावर ठेवू नये. व्यापाऱ्यांना उपद्रव होऊन बंदरेच बुडतील. माझ्या मते मराठी राज्यकारभारातला हा फार दूरदर्शी विचार आहे.



कोरीगड आणि घनगड मार्च 1818 मध्ये इंग्रजांनी घेतले.